कोणाच्याच नसलेल्या घराचा रंग

गेल्या दिवाळीआधी आमच्या घराला रंग दिला. शेड कार्ड माझ्या हातात होतं. त्यात नुसत्या पांढऱ्याच्याच इतक्या छटा, की डोळे गरगरावेत. रंगारी काका म्हणाले, "ताई, ऑफ-व्हाइट घ्या डोळे झाकून. कधीच चुकत नाही." मी घेतला.

चौथ्या दिवशी हॉलमध्ये उभी राहिले, तेव्हा लक्षात आलं, की खिडकीशेजारचा आजीचा डाग गेलाय. वर्षानुवर्षं ती तिथेच भिंतीला डोकं टेकून बसायची, आणि तिच्या खोबरेल तेलाचा ताटलीएवढा डाग तिथे पडला होता. आजी जाऊन चार वर्षं झाली, तरी डाग होता. घासपेपर, प्रायमर, पुट्टी आणि ऑफ-व्हाइटचे दोन हात यांच्याखाली तो गाडला गेला. रंग माझ्याच पसंतीचा.

म्हणून हा लेख रागाने लिहिलाय, आणि त्यातला निम्मा राग स्वतःवर आहे.

तुमच्या फोनवरचं कुठलंही 'होम टूर' रील उघडा. दुधी भिंती, क्रीम सोफा, वेताचा दिवा, कोपऱ्यात वाळलेलं गवत. घर कोथरूडचं की कोपनहेगनचं, सांगता येणार नाही. रंगांचे मापदंड ठरवणाऱ्या पँटोन कंपनीने २०२६ सालचा रंग म्हणून 'क्लाउड डान्सर' निवडला. तोही मऊसर पांढराच!

यावर ठरलेलं उत्तर येतं: "आपली घरं लहान, पांढऱ्याने मोठी दिसतात." यात तथ्य आहे. पांढरी भिंत तिच्यावर पडलेला बहुतेक उजेड परत फेकते, गडद निळी भिंत तो गिळते. पण भिंत उजेड परत करते, तयार करत नाही. ज्या खोलीची खिडकी डक्टमध्ये उघडते, तिथे परत फेकायला उजेडच नसतो. तिथला ऑफ-व्हाइट दुपारी बारा वाजताही राखाडी दिसतो. दोन इमारतींमध्ये पुरेसं अंतर न सोडणाऱ्या बिल्डरचं पाप आपण रंगाच्या डब्याने धुऊ पाहतो.

दुसरं उत्तर परंपरेचं: "आपल्याकडे पूर्वीपासून भिंती पांढऱ्याच असायच्या." हो, असायच्या. पण तो चुना होता. दिवाळीच्या आधी कळीचा चुना भिजवायचा, पिवळटपणा जावा म्हणून त्यात चिमूटभर नीळ घालायची आणि घरातल्यांनीच कुंचले घेऊन भिंती सारवायच्या. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्या चुन्याचा भिंतीवर पुन्हा चुनखडीचा पातळ थर व्हायचा. टेकून बसलं की पाठ पांढरी व्हायची. वर्षभर भिंत मळायची आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा उजळायची. कित्येक घरांत खाली गेरूचा पट्टा असायचा, कारण पाय, पाणी आणि पोरांचे हात कुठवर पोचतात, ते घरातल्यांना ठाऊक होतं. चुन्याच्या पांढऱ्याने मळणं गृहीत धरलं होतं. आजचा ऑफ-व्हाइट मळण्याला घाबरतो.

पांढऱ्या भिंतींचा मोठा प्रचारक म्हणजे वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए. १९२५ च्या पुस्तकात त्याने फर्मावलं, की प्रत्येकाने घरातले पडदे, वॉलपेपर काढून टाकावेत आणि भिंतींना शुभ्र रंग फासावा. घर स्वच्छ झालं की मनही स्वच्छ होतं, असं त्याचं म्हणणं. पण त्याच माणसाने १९३१ मध्ये एका वॉलपेपर कंपनीसाठी ४३ रंगछटांचा संच तयार केला. उपदेशकाला स्वतःलाच नुसतं पांढरं पुरलं नाही!

मग आपल्याला ते का पुरतं? कारण ऑफ-व्हाइट निवडताना आपण स्वतःचा विचारच करत नाही. बिल्डर तो देतो, कारण ग्राहक कोण असेल ते त्याला माहीत नसतं. घरमालक तो देतो, कारण अकरा महिन्यांनी भाडेकरू बदलणार असतो. एजंट म्हणतो, "रीसेलला बरं पडतं." म्हणजे हा रंग पुढच्या माणसासाठी आहे, किंवा कॅमेऱ्यासाठी. मी भाड्याच्या घरात राहिले आहे. तिथे एका खिळ्यासाठी डिपॉझिटमधून पैसे कापले गेले. तिथला ऑफ-व्हाइट मला समजतो. पण स्वतःच्या घरात, वीस वर्षांचे हप्ते भरून, आपण आपलेच भाडेकरू का होतो?

आणि हा रंग सांभाळतं कोण? स्विचबोर्डभोवतीचे बोटांचे ठसे ओल्या फडक्याने पुसणारे हात बहुतेक घरांत आईचे किंवा कामाच्या मावशींचे असतात. "भिंतीला हात लावू नकोस" हे वाक्य त्या घरातलं पोर दिवसातून दहा वेळा ऐकतं. त्याची उंची पेन्सिलीने भिंतीवर मोजली जात नाही. ती मोबाइलमध्ये राहते, आणि मोबाइल बदलला की जाते.

पांढऱ्याशी माझं भांडण नाही. आवडतो म्हणून लावा, खोलीत ऊन येतं म्हणून लावा. फक्त 'चुकत नाही' म्हणून लावू नका. जिथे काहीच चुकू शकत नाही, तिथे कोणी राहिल्याची खूणही उरत नाही.

आता आई त्या खिडकीशेजारी बसायला लागली आहे. परवा तिने डोकं भिंतीला टेकलं आणि दचकून मागे घेतलं. "नवा रंग आहे गं," म्हणाली.

मी म्हटलं, "टेक."