बुद्धिबळाचे घड्याळ



मागल्या महिन्यात माझा पुतण्या तालुक्याच्या बुद्धिबळ स्पर्धेत हातातला डाव हरला. खेळ चुकला नव्हता. चाल केल्यावर घड्याळाची कळ दाबायची राहिली आणि त्याचाच वेळ संपला. घरी कधी घड्याळ लावून खेळलाच नव्हता.

हे घड्याळ सेलवर चालते, पिशवीत मावते. दोघांचा वेळ वेगळा मोजते. बॉबी फिशरने १९८९ साली पेटंट मिळवलेल्या पद्धतीत दर चालीला काही सेकंद वाढूनही मिळतात. ज्या हाताने चाल, त्याच हाताने कळ, असा नियम आहे.

चार घरांनी मिळून एक घ्या. तोवर मोबाइलवरचे चालेल. वाफसा गेल्यावर उत्तम बियाणेही वाया जाते, डावाचेही तसेच.