सव्वाचार वर्षांत पांच आयुक्त

पिंपरी-चिंचवडचें पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजीं सुरू झालें. पुणें शहरच्या कांहीं ठाण्यांस चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगांव हीं ग्रामीणचीं ठाणीं जोडलीं गेलीं. पंधरवडाभरच आधीं, ३० जुलै रोजीं, चाकणास आंदोलनांत जाळपोळ होऊन गेली होती. कारखाने, कंत्राटी मजूर, भंगाराचे ठेके, जमिनीचे व्यवहार आणि वारीचा बंदोबस्त हें सारें ज्यास एकाच वेळीं सांभाळावयाचें, त्यास मुलूख कळण्यास अवधि नको काय?

प्रथम आले श्री. पद्मनाभन, २०१९ त श्री. बिष्णोई, २०२० त श्री. कृष्ण प्रकाश, एप्रिल २०२२ त श्री. अंकुश शिंदे, आणि त्याच डिसेंबरांत श्री. विनयकुमार चौबे. सर्व भारतीय पोलीस सेवेंतील, अनेक जिल्हे पाहिलेले. कृष्ण प्रकाश यांनीं तर २०२१ त वेषांतर करून आपल्याच ठाण्यांची परीक्षा घेतली. आम्हांस कौतुक वाटलें, थोडें हसूंहि आलें. या गृहस्थांच्या योग्यतेविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार सरकारविषयीं आहे.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमांत अशा अधिकाऱ्याची सर्वसाधारण मुदत दोन वर्षांची आहे. २००६ त सर्वोच्च न्यायालयानेंहि किमान मुदतीचा आग्रह धरला. परंतु त्याच कायद्यांत 'लोकहित' व 'प्रशासकीय निकड' या नांवांची पळवाट ठेविली आहे. श्री. शिंदे येथें आठ महिनेच होते. ती निकड कोणती, हें कर भरणाऱ्या व्यापाऱ्यास कोणी सांगितलें? मुदतीपूर्वीच्या प्रत्येक बदलीचें कारण सरकारनें लेखी प्रसिद्ध करावें, आणि ही मागणी येथील व्यापारी मंडळांनीं आतांच करावी.