मंगळवेढ्याची भिंत

शके १२६०, म्हणजे इ.स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत ढासळली आणि संत चोखोबा तिच्याखाली गाडले गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस नेल्या व महाद्वारापाशी समाधी बांधली. हयातीत ज्या दाराच्या आत त्यांना प्रवेश नव्हता, तेच हे दार! हिंदू समाजाने हा कलंक विसरता कामा नये. समरसतेच्या व्यासपीठावरून चोखोबांचे नाव आदराने घेतले जाते. परंतु त्यांचा अंत बांधकामावर राबताना झाला, याचे स्मरण क्वचितच होते.

त्या भिंतीचा दोष मातीवर ढकलण्याचे कारण नाही. तथापि मंगळवेढ्याच्या काळ्या मातीचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे. बेसाल्ट खडक झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असते. ते पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल धरून ठेवणाऱ्या याच मातीने मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार केले. २०१६ मध्ये येथील ज्वारीस भौगोलिक मानांकनही लाभले. शेताला जी माती माऊली, तीच इमारतीला वैरीण ठरते. भिंतीच्या कडेची माती ऋतुमानाने फुगते-आक्रसते, मधल्या भागाची ओल मात्र टिकून राहते. साहजिकच पाया सर्वत्र सारखा हलत नाही. मोठ्या वास्तूचा जड भाग जागेवर राहतो, हलका व्हरांडा व पायऱ्या उचलल्या जातात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते.

मुरूम लागेपर्यंत पाया खणण्याची जुन्या गवंड्यांची रीत अडाणीपणाची नव्हती. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेले खांब विकसित केले. ते सुमारे साडेतीन मीटर खोल, जेथे ऋतूंचा परिणाम फारसा पोहोचत नाही, तेथे नेतात. मुंबई आय.आय.टी.चे प्रा. काटी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीच्या थराचा उपाय दिला व तो कर्नाटकातील मलप्रभा कालव्यांवर उपयोगात आला. विद्या स्वदेशी आहे, हाताशी आहे.

उणीव आहे ती कर्तव्यबुद्धीची. कमीत कमी दराच्या निविदेत मातीपरीक्षणाचा खर्च प्रथम कापला जातो. देणग्यांतून वसतिगृहे उभारणाऱ्या आपल्या संस्थाही याला अपवाद नाहीत, हे कबूल करावे लागेल. मातीच्या अहवालाविना कोणत्याही शाळेच्या वा समाजमंदिराच्या अंदाजपत्रकास मंजुरी मिळू नये आणि तो अहवाल ग्रामसभेपुढे वाचला जावा, हा आग्रह कार्यकर्त्यांनी आपल्याच इमारतीपासून धरावा.