16 इंचांचा कायदा आणि मित्राचा फोन

आजचा विषय जरा लांबचा आहे. पण शेवटपर्यंत वाचा, तो फिरून आपल्याच दारात येतो.

परवा रात्री अकराला टेक्सासहून माझ्या शाळेतल्या मित्राचा फोन. वीसेक वर्षं झाली त्याला तिकडं जाऊन, आता तिथला नागरिक आहे. शहराबाहेर थोडी जमीन घेतलीय, रानडुकरांचा त्रास आहे. म्हणाला, "अरे तू पेपरवाला, तुला कायद्याचं कळतं. माझ्या पिस्तुलाची रायफल करून रजिस्टर करून टाकू का? यंदापासून टॅक्स माफ झालाय."

आधी मला हसूच आलं. आपल्याकडं साध्या परवान्यासाठी माणसाच्या चपला झिजतात, आणि हा घरबसल्या पिस्तुलाची रायफल करायला निघाला! पण दोन रात्री वाचत बसलो आणि हसू गेलं.

त्याच्याकडचं पिस्तूल म्हणजे कमरेला लावायचं नव्हे. दिसायला रायफलच, फक्त नळी आखूड, आणि खांद्याला टेकवायचा दस्ता नाही. त्या जागी हाताला बांधायचा एक आधार असतो, त्याला ब्रेस म्हणतात. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात रायफलची नळी 16 इंचांपेक्षा कमी असली की ती "आखूड नळीची रायफल" होते आणि तिची सरकारदरबारी नोंद लागते. म्हणजे याच्या पिस्तुलाला नुसता दस्ता लावला तरी नोंद पाहिजे. नोंद नसेल तर 10 वर्षांपर्यंत तुरुंग.

हे आलं कुठून? 1934 साली, रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष असताना, गुंडांच्या टोळ्यांना आवरायला हा कायदा झाला. मूळ मसुद्यात पिस्तुलं, रिव्हॉल्व्हरसुद्धा होती. लपवता येणारं हत्यार अवघड करायचं, हा हेतू. मग लोक पळवाट काढतील, लांब बंदूक कापून आखूड करतील, म्हणून आखूड नळीच्या बंदुकाही घातल्या. विरोध झाला, पिस्तुलं मसुद्यातून वगळली गेली. पळवाट बुजवायला घातलेलं कलम मात्र तसंच राहिलं. म्हणजे मुख्य दरवाजा काढून नेला आणि खिडकीचे गज तेवढे ठेवले! मर्यादाही आधी 18 इंचांची होती, रायफलसाठी ती 1960 साली 16 झाली.

कर होता 200 डॉलर. 1934 साली ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. नंतर नव्वद वर्षं तोच आकडा राहिला. गेल्या वर्षी जुलैत ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्यानं 1 जानेवारी 2026 पासून तो शून्यावर आणला. लक्षात घ्या, कर गेला, नोंदणी गेलेली नाही. अर्ज, बोटांचे ठसे, फोटो, स्थानिक पोलीस प्रमुखाला कळवणं, हत्यारावर स्वतःचं नाव-गाव कोरणं, सगळं आहे. आणि आधी मंजुरी, मगच हत्याराला हात लावायचा. उलटं केलं की गुन्हा.

ब्रेसची कथा तर आणखी भारी. हा आधार आधी अपंग माजी सैनिकासाठी निघाला, आणि 2012 साली बंदुकांचं केंद्रीय खातं म्हणजे एटीएफ म्हणालं, चालेल. लोकांनी लाखोंनी घेतले. 2023 च्या जानेवारीत त्याच खात्यानं नवा नियम काढला की ब्रेस लावलेली बहुतेक पिस्तुलं रायफलच धरली जातील, 31 मेपर्यंत बिनकराची नोंद करा. अडीच लाखांवर अर्ज आले. बाकीचे गप्प बसले. आणि जून 2024 मध्ये टेक्सासच्या फेडरल कोर्टानं तो नियमच रद्द केला. सांगितलेलं ऐकून नोंद करून घेतली त्यांचं नाव रजिस्टरला लागलं, गप्प बसले ते सुटले.

माझा मित्र गप्प बसलेल्यांतला. "तेव्हा घाबरून रात्र रात्र झोप नव्हती," म्हणाला. हातात तीच वस्तू, कपाटात तीच जागा, आणि हा माणूस खात्याच्या कागदावर कधी सज्जन तर कधी गुन्हेगार!

मग मी त्याला काय सांगितलं?

पहिलं, टॅक्स माफ हे कारण धरू नकोस. फुकट मिळतंय म्हणून आपली माणसं काय काय घरी आणतात, तुला माहीत आहे.

दुसरं, नोंदीबरोबर बंधनं येतात. दुसऱ्या राज्यात न्यायची तर एटीएफची आगाऊ परवानगी. आपली एवढी मराठी मंडळी राहतात त्या न्यू जर्सीत तर अशी रायफल चालतच नाही, कॅलिफोर्नियातही नाही.

तिसरं, वहिनींना विचार. नोंद तुझ्या एकट्याच्या नावावर असेल आणि तू दौऱ्यावर असताना कपाटाची किल्ली त्यांच्याकडं राहिली, तर कायद्यानं त्या अडचणीत येऊ शकतात. यासाठी लोक ट्रस्ट करून दोघांची नावं घालतात. घरात पंधरा वर्षांचा पोरगा आहे. किल्ली कुणाकडं, हा प्रश्न 16 इंचांपेक्षा मोठा आहे.

रानडुकरासाठी 16 इंच नळीची साधी रायफल मिळते, तिला यातलं काहीच लागत नाही. तरीही दस्ता लावायचाच असेल तर रीतसर नोंद कर, वकिलाला विचारून कर. अर्धवट काही करू नको.

आता माझं मत. मी बंदुकीचा भक्त नाही. आखूड रायफल लपवायला सोपी आणि पिस्तुलापेक्षा नेम पक्का, म्हणून ती जास्त धोक्याची, हा मुद्दा मला पटतो. नियम हवेतच. पण नियम असा हवा की सरळ माणसाला तो कळावा आणि उद्या सकाळी बदलू नये. खातं एकदा हो म्हणतं, दहा वर्षांनी नाही म्हणतं, कोर्ट तिसरंच सांगतं, यात प्रामाणिक माणूस भरडला जातो. ज्याला गुन्हाच करायचाय तो फुटपट्टी घेऊन बसत नाही.

आणि आपल्याकडं? आपला 1959 चा शस्त्र कायदा आहे. त्याच्या कलम 6 प्रमाणं परवानगीशिवाय नळी आखूड करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनं एका प्रकारचं हत्यार दुसऱ्या प्रकारात बदलण्यावरही तीच अट आली. त्याच दुरुस्तीनं तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची मुभा राहिली. आमच्या भागातले एक जुने बागायतदार आजोबांच्या काळची बंदूक जमा करून आले तेव्हा डोळे पुसत होते. निवडणूक लागली की हेच लोक गुमान बंदुका पोलीस ठाण्यात नेऊन देतात. आणि मी दर महिन्याला बातमी लिहितो, "गावठी कट्ट्यासह एकास अटक". त्या कट्ट्याला ना परवाना, ना नोंद, ना इंचाचं माप.

म्हणून म्हणतो, कडक कायदा आणि नेमका कायदा यात फरक आहे. अमेरिकेनं 1934 साली नेमकं काय अडवायचं हे मधेच सोडून दिलं आणि आज माझा मित्र रात्री अकराला फोन करतोय. आपणही कागदवाल्याला जेवढं धरतो तेवढं कट्टेवाल्याला धरतो का?

कालच मित्राचा मेसेज आला, "हिनं नाही म्हटलं. साधी रायफल घेतोय." मला बरं वाटलं.

तुम्हाला काय वाटतं? कमेंटमध्ये लिहा. परवानाधारक असाल तर तुमचा अनुभवही सांगा. शिवीगाळ नको, मुद्द्याचं बोला.