अंतराळातील गोठा

चंद्रावर किंवा मंगळावर मनुष्यवस्ती उभारण्याचा विचार आता केवळ कादंबऱ्यांपुरता राहिलेला नाही. अशा वस्तीत हवा आणि पाणी कसे पुरेल, याचा बराच अभ्यास झाला आहे. भाजीपाल्याचीही सुरुवात झाली आहे. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर वाढवलेली लेट्यूसची पाने अंतराळवीरांनी तेथेच खाल्ली. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी त्याच स्थानकावर मूग व मेथीला मोड आणले. परंतु दूध, अंडी व मांस यांचे काय? माणूस जेथे जेथे स्थायिक झाला, तेथे बहुधा त्याची गुरे व कोंबड्याही गेल्या. म्हणून पृथ्वी सोडतानाही गोठा बरोबर न्यावा, असे काहींना वाटते. हा विचार सहजासहजी स्वीकारण्याजोगा नाही.

आजवरचे प्रयोग याविषयी पुष्कळ काही सांगतात. १९८९ मध्ये ‘डिस्कव्हरी’ यानातून कोंबडीची ३२ फलित अंडी नेण्यात आली. त्यांपैकी निम्मी दोन दिवस व निम्मी नऊ दिवस उबवलेली होती. नऊ दिवसांच्या अंड्यांतील गर्भ तग धरून राहिले. दोन दिवसांच्या अंड्यांपैकी एकही जगले नाही. अंड्यातील पिवळा बलक पांढऱ्यापेक्षा हलका असल्याने वर येतो आणि त्यावरील कोवळा गर्भ कवचाजवळ राहतो. वजनरहित अवस्थेत ‘वर’ अशी दिशाच उरत नाही, म्हणून हे घडले असावे, असा तर्क केला गेला. खुडूक कोंबडीला गुरुत्वाकर्षणाचे नावही ठाऊक नसते. पण तिचे सारे कौशल्य त्याच्यावरच उभे असते.

पुढच्याच वर्षी, २२ मार्च १९९० रोजी, ‘मीर’ या सोव्हिएत स्थानकावर लावा पक्ष्याचे पिल्लू अंड्यातून बाहेर आले. अंतराळात जन्मलेला तो पहिला पक्षी होय. परंतु त्या पिल्लांना पाय रोवायला जमीन नव्हती. ती तरंगत राहत, एका जागी स्थिर होऊन दाणा टिपणे त्यांना जमत नसे, आणि ती फार काळ जगली नाहीत. जन्म होणे आणि जगता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या इवल्या जिवांनी दाखवून दिले. चंद्रावर पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश गुरुत्वाकर्षण आहे, तेव्हा तेथे पिल्लू तरंगणार नाही, हे खरे. पण तेवढे वजन त्याच्या वाढीला पुरेल, असे मानण्यास अद्याप आधार नाही.

मोठ्या जनावरांबाबत तर हिशेबच जुळत नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ‘बायोस्फिअर २’ या बंदिस्त काचगृहात १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षे आठ माणसे राहिली. त्यांच्याबरोबर शेळ्या, डुकरे व कोंबड्या होत्या. शेळ्यांनी दूध दिले. डुकरे मात्र माणसांच्याच अन्नात वाटेकरी होऊ लागली आणि ती ठेवता आली नाहीत. मातीतील सूक्ष्मजीवांमुळे हवेतील प्राणवायू सुमारे २१ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांपर्यंत घसरला व तो बाहेरून सोडावा लागला. हे पृथ्वीवर घडले, म्हणून निभावले. मंगळावर प्राणवायू बाहेरून कोण सोडणार?

याउलट लहान जीव आशादायक ठरले आहेत. १९९४ मध्ये ‘कोलंबिया’ यानात जपानी मेडाका माशांनी अंडी घातली व त्यांतून तेथेच पिल्ले बाहेर पडली. पाण्यात वावरणाऱ्या माशाला तरंगण्याचे नावीन्य ते काय! चीनमध्ये २०१४ साली तिघांनी बंद प्रयोगगृहात १०५ दिवस काढले. त्यांच्या आहारात पिठातील किड्यांच्या अळ्या होत्या आणि त्या अळ्या वनस्पतींच्या माणसाला न खाता येणाऱ्या भागांवर पोसल्या होत्या. अळ्यांचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा शांतपणे पाहावा.

प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. १९५७ मध्ये लायका या कुत्रीला परतीची कोणतीही सोय न करता अंतराळात धाडण्यात आले. ती उष्णतेने काही तासांतच मेली, हे २००२ मध्ये उघड झाले. माणूस धोका पत्करतो तो समजून-उमजून. जनावराला तशी निवड नसते. शिवाय गोठा म्हणजे एका जनावराचा प्रवास नव्हे. त्यात पिढ्यामागून पिढ्या जन्मणार, आणि त्यांना कुरण कधीच दिसणार नाही. जनावरांच्या सोबतीने वसाहतीतील माणसांचे एकाकीपण हलके होईल, असेही म्हटले जाते. त्या जनावराच्या एकाकीपणाचा विचार या युक्तिवादात कोठेच येत नाही.

तेव्हा आधी भाज्या व कडधान्ये, मग अळ्या, त्यानंतर मासे, हाच क्रम योग्य ठरतो. गाय-शेळीचा विचार, चंद्रावर लहान प्राणी निरोगीपणे जन्मून वाढल्याचे दिसेपर्यंत, बाजूला ठेवावा. तोवर तेथील चहात सोयाबीनचे दूध घालावे लागले, तरी चालण्यासारखे आहे.