पडदा कोणासाठी?

खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा एकमुखी निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, संसदेने डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमत केला आणि आणखी दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, त्याचे नियम प्रसिद्ध झाले. उशिरा का होईना, कायदा आला, म्हणून समाधान मानण्यापूर्वी तो कोणत्या टोकाकडून अमलात आला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

आंतरजालावर नागरिकाची माहिती गोळा करणाऱ्यांनी त्याची संमती घ्यावी, आणि गरज संपल्यावर ती पुसून टाकावी, हा या कायद्याचा गाभा. हयगय करणाऱ्या कंपनीस २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र या कलमांना अधिसूचनेने अठरा महिन्यांची मुदत दिली. तयारीस अवधी हवा, हे समजण्याजोगे आहे. पण कलम ४४(३) ला एका दिवसाचाही अवधी लागला नाही. खरी मेख येथेच आहे. या उपकलमाने २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(ञ) बदलले.

पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली, अथवा एखाद्याच्या खासगी जीवनात अकारण हस्तक्षेप करणारी माहितीच नाकारता येई. व्यापक लोकहित असेल तर तीही द्यावी लागे. संसदेला वा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे बाणेदार वाक्यही तेथे होते. आता हे सारे गेले. माहिती 'वैयक्तिक' आहे, एवढे कारण पुरेसे झाले. रोजगार हमीच्या हजेरीपटावर माणसांची नावे असतात, शिष्यवृत्तीच्या यादीत असतात, नेमणुकांच्या कागदांतही असतात. खोटी नावे शोधायची तर आधी नावे पाहावी लागतात.

कलम ८(२) शाबूत आहे, लोकहित वरचढ असेल तर माहिती देता येते, असे सरकारचे म्हणणे. ते खोटे नाही. पण 'देता येते' आणि 'द्यावी लागते' यांत किती अंतर आहे, हे कचेरीत खेटे घातलेल्या माणसास सांगावयास नको. जनमाहिती अधिकारी प्रामाणिक असला तरी, नकार देणे त्याला अधिक सुरक्षित वाटल्यास नवल नाही.

उलट बाजू पाहावी. याच कायद्याच्या कलम १७ नुसार राष्ट्राची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था आदी कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेस केवळ अधिसूचनेद्वारे सूट देऊ शकते. न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात अशा सवलतीसाठी संसदेने केलेला स्वतंत्र कायदा हवा होता. शिवाय ती आवश्यक आणि प्रमाणशीर असावी, अशी अट होती. ती गळाली. कंपन्यांपासून नागरिकाला आडोसा मिळेल. सरकारी यंत्रणेपुढे तो उघडाच राहील, आणि त्या यंत्रणेच्या दप्तरावर मात्र त्याच्याच खासगीपणाच्या नावाने पडदा पडला आहे.

अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २००२ मध्येच, माहिती अधिकाराचा कायदा केला होता. येथील खासदारांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, कलम ८(१)(ञ) चे मूळ शब्द परत आणण्याची मागणी संसदेत लावून धरावी. त्यासाठी एका ओळीची दुरुस्ती पुरे.