कर्त्याचें मन आणि घराचें आरोग्य

जमिनीची परीक्षा, बियाण्याची परीक्षा, पाण्याची परीक्षा या गोष्टी आतां आपल्या शेतकरी वर्गास नवीन राहिल्या नाहींत. मातीचा नमुना प्रयोगशाळेंत धाडून, स्फुरद किती व पालाश किती हें पाहून खताची मात्रा ठरविणारे बागाईतदार गांवोगांव आढळतात. बैलानें दोन वेळां वैरणीला तोंड लावलें नाहीं तर तिसऱ्या वेळेची वाट न पाहतां धनी गुरांच्या डॉक्टरास बोलावितो. परंतु घरांतील कर्ता पुरुष आठ-आठ दिवस धड जेवत नाहीं, मध्यरात्रीं उठून ओटीवर बसतो, कारण नसतां मुलांच्या अंगावर ओरडतो, हें कोणी व्याधींत गणीत नाहीं. 'डोक्याला ताप आहे' एवढें म्हणून सर्वजण गप्प बसतात. या मौनाची किंमत शेतकरी कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या देत आलीं आहेत. तें मौन मोडण्याचें काम जितकें घरच्या माणसांचें, तितकेंच आपल्या सहकारी संस्थांचेंही आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

विषय दूरचा नाहीं. दादर स्टेशनाच्या पश्चिमेस पहांटेच्या आधींच भरणारा फुलांचा व भाजीचा बाजार आमच्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाचा आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशीं ज्या झेंडूसाठीं गिऱ्हाइकांची झुंबड उडते, तोच झेंडू सणाच्या दिवशीं दुपार उलटल्यावर रस्त्याच्या कडेला ढिगानें पडलेला दिसतो. चार महिन्यांची मेहनत, खत, पाणी, तोडणी आणि भाडें यांचा निकाल त्या कांहीं तासांत लागतो. आडत, हमाली व वाहतूक वजा जातां हातीं आलेली पट्टी शेतकरी खिशांत घालतो. पण तिच्यावरचा आंकडा खिशांत राहत नाहीं. तो त्याच्या आधीं घरीं पोंचतो. दारांत गाडी थांबल्याचा आवाज आला कीं मुलें बापाच्या चेहऱ्याकडे पाहतात आणि आज जवळ जावें कीं न जावें हें ठरवितात. बाजारभावाचा असा परिणाम कोणत्याही दरपत्रकांत छापून येत नाहीं.

ही केवळ स्वभावाची गोष्ट नव्हे. शरीराचा धर्मच तसा आहे. संकट समोर दिसलें कीं शरीर कांहीं रस रक्तांत सोडतें. हृदयाची गति वाढते, रक्तदाब चढतो, रक्तांत साखर येते आणि मनुष्य लढावयास अथवा पळावयास सिद्ध होतो. समोर साप आला तर ही व्यवस्था प्राण वांचविते, आणि साप निघून गेला कीं शरीर पुन्हां ठिकाणावर येतें. परंतु कर्जाचा हप्ता, न आलेला पाऊस, मुलीचें लग्न हीं संकटें निघून जात नाहींत. तीं उशाशीं येऊन बसतात. मग कॉर्टिसॉल नांवाचा जो रस घटकाभरासाठीं वाढावयाचा तो दीर्घ काळ चढलेला राहतो, आणि त्याचा पहिला घाला झोंपेवर पडतो. झोंप मोडली कीं भूक बिघडते, राग लवकर येतो आणि विचार आंखूड होतो.

अशा वेळीं मनुष्य लगेच मिळणारा आधार शोधतो. जेवणाऐवजीं चहा होतो. तंबाखूची चिमूट दिवसांतून चार वेळांची दहा वेळां होते. घरांतील बाईची मिश्री वाढते. २०१६-१७ सालच्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील चारांपैकीं सुमारें एक प्रौढ मनुष्य तंबाखूचें सेवन करणारा आढळला, आणि त्यांत ओढणाऱ्यांपेक्षां खाणारे व लावणारे फार अधिक होते. कोणी झोंपेसाठीं म्हणून दारूकडे वळतो. दारूनें डोळा लवकर लागतो हें खरें, पण उत्तररात्रीं झोंप तुटते आणि सकाळीं मन आदल्या दिवसापेक्षां अधिक खिन्न असतें. म्हणून संध्याकाळीं पुन्हां तेंच औषध. रक्तदाबाची गोळी 'आज राहूं दे' म्हणून राहते ती राहतेच. चिंतेनें संवय बिघडते, संवयीनें शरीर बिघडतें, शरीरानें काम बिघडतें आणि कामानें चिंता वाढते. हा रहाट एकदां फिरूं लागला कीं तो आपोआप थांबत नाहीं.

हें एका हंगामापुरतें असतें तर आम्ही एवढें लिहिलें नसतें. काळ लोटला म्हणजे काय होतें हें पाहावयाचें असेल तर दादरच्याच परिसराकडे पाहावें. दादर, नायगांव, परळ, लालबाग या भागांतील कापडगिरण्यांत रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली, कोल्हापूर इकडचे शेतकऱ्यांचे मुलगे कामास होते. गांवची जमीन थोरल्या भावाकडे, धाकटा गिरणींत, आणि दरमहा मनीऑर्डर, अशी हजारों घरांची घडी होती. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पगारवाढ व बोनस यांबरोबरच कामगारांचें प्रतिनिधित्व कोणी करावें हाही त्यांत प्रश्न होता. संप विधिपूर्वक मागें घेतला असा दिवस कधीं उजाडलाच नाहीं. गिरण्या मात्र एकामागून एक थंडावल्या. दादरच्या कोहिनूर गिरणीची एक जागा २००५ सालीं ४२१ कोटि रुपयांस विकली गेली, आणि आज तेथें उंच मनोरा उभा आहे.

त्या संपाच्या राजकारणाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. आम्हांस पाहावयाचें आहे तें घरांत काय झालें हें. पहिले कांहीं महिने उमेद टिकून होती. सभा होत होत्या, गांवाकडून धान्य येत होतें, कित्येक कामगार गांवीं जाऊन पेरणीस लागले होते. एकाची अडचण ती सर्वांची अडचण होती, आणि अशी अडचण माणसास मोडीत नाहीं. पुढें महिन्यांचीं वर्षें झालीं तेव्हां एकेक घर आपापल्या दारामागें एकटें पडलें. ज्याचें उठणें, जेवणें, निजणें गिरणीच्या भोंग्यावर बांधलेलें होतें त्याच्या दिवसाचा खुंटाच उपटला गेला. भांडीं व दागिने मोडले गेले, मुलांच्या शाळा सुटल्या, बाया धुण्याभांड्यास बाहेर पडल्या, आणि ज्याच्या नांवानें घर चाललें होतें त्यास बायकोच्या मिळकतीवर जेवणें अवघड जाऊं लागलें. कांहीं गुत्त्याकडे वळले. कांहीं बोलेनासे झाले. गांवाकडेही तीच गत. वर्षानुवर्षें मनीऑर्डर पाठविणारा भाऊ आतां पानावर बसणारा भाऊ झाला. घेणाऱ्याच्या अडचणीपेक्षां देणाऱ्याचें मन अधिक दुखावलें, आणि वांटणीचे कज्जे त्यांतून निघाले. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकांत अशाच एका कुटुंबाचीं मुलें चार दिशांस कशीं जातात तें दाखविलें आहे. संप बापांनीं केला. त्याचा ताण मुलांच्या वाढीवर पडला.

त्याच वस्तींत दुसरेंही उदाहरण आहे. गिरणी कामगारांस जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या स्त्रियांना प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळांत एकत्र आणून बँकेचें कर्ज मिळवून दिलें. संपांत जेवणारेच गांवीं गेल्यामुळें या बायांनाही मोठा फटका बसला. परंतु जिला हिशेब ठाऊक होता, जिच्या पाठीशीं मंडळ होतें, ती निदान एकटी नव्हती. आमच्या मतें हा फरक पैशाच्या फरकाहून लहान नाहीं.

शेतकऱ्यांविषयींचा पुरावा पाहिजे असेल तर तोही आहे. अमेरिकेंत १९८० नंतरच्या दशकांत व्याजाचे दर चढले, जमिनीच्या किंमती कोसळल्या आणि असंख्य शेतें सावकारी बँकांकडे गेलीं. तेथील आयोवा प्रांतांत ग्लेन एल्डर व रँड काँगर या संशोधकांनीं १९८९ पासून ४५१ ग्रामीण कुटुंबांचा वर्षानुवर्षें अभ्यास केला. त्यांना दिसलें तें असें: पैशाची ओढाताण मुलांपर्यंत सरळ पोंचत नाहीं. ती प्रथम आईबापांचें मन खिन्न करते. त्यांतून नवराबायकोंत कुरबुर वाढते. मग मुलांशीं वागणें कठोर अथवा बेफिकीर होतें. आणि शेवटीं मुलांचें मन, अभ्यास व वर्तन बिघडतें. जेथें पतिपत्नी एकमेकांस धरून होते व अडचणीवर मिळून विचार करीत होते, तेथें ही सांखळी मध्येंच तुटली. आपल्या देशांतही तामिळनाडूंतील ४६४ ऊस उत्पादकांची पाहणी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. उसाचे पैसे हातीं येण्यापूर्वीं आणि आल्यानंतर त्याच शेतकऱ्यांची बुद्धीचीं कोडीं घालून परीक्षा घेतली, तेव्हां पैशाच्या तंगीच्या दिवसांत त्यांचीं उत्तरें बरींच कमी बरोबर आलीं. माणूस तोच, ओझें वेगळें. तंगींत शेतकरी जीं करारपत्रें करतो, जें कर्ज उचलतो, जो माल घाईनें विकतो, त्यांचें कारण नेहमीं अज्ञान नसतें, हें सल्ला देणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

यावर एक आक्षेप येईल तो आम्ही जाणतों. 'आमच्या आजांनीं दुष्काळ काढले, प्लेग काढला. त्यांना कधीं मनाचे आजार झाले नाहींत. ही शहरी नाजुकपणाची भाषा आहे.' आजांना तें झालें नाहीं असें नव्हे. त्यास नांव नव्हतें. अमुक एक आजोबा तापट होते, दुसरे अबोल झाले, तिसरे एक दिवस उठून निघून गेले, चौथ्यांनीं दारूंत जमीन घालविली, अशा कथा कोणत्या घराण्यांत नाहींत? शिवाय त्या काळीं इर्जिक होतें, सावड होती, मोठें कुटुंब होतें. पीक गेलें तर साऱ्या शिवाराचें जात असे. आज विहीर एकट्याची, कर्ज एकट्याचें आणि बोअर कोरडी लागली तर अपमानही एकट्याचा.

म्हणून उपायांचा विचार करूं. पहिला उपाय घरांतला आहे व त्यास दमडी लागत नाहीं. कर्जाचा खरा आंकडा घरधनिणीस ठाऊक असावा. 'तिला कशाला काळजी' या शब्दांत माया आहे, परंतु आंकडा लपवून काळजी लपत नाहीं. तिला नुसता राग दिसतो, कारण दिसत नाहीं. वर्षांतून दोनदां, पेरणीपूर्वीं व माल विकल्यावर, घरांतील जाणतीं माणसें एकत्र बसून हिशेब वाचतील तर पुष्कळ घरांतील अर्धें भांडण मिटेल.

दुसरा उपाय सोसायट्यांचा. मार्च अखेरीस थकबाकीदारांचीं नांवें फळ्यावर लावण्याची, चारचौघांत नांव घेण्याची, वसुलीस मुलांदेखत दारांत जाऊन उभें राहण्याची चाल कित्येक ठिकाणीं आहे. ती बंद करावी, असें आम्ही निःसंकोच म्हणतों. वसुली सोडावी असें आमचें म्हणणें नाहीं. वसुलीवांचून संस्था जगत नाहीं आणि संस्था बुडाली तर शेतकरी पुन्हां खासगी सावकाराच्या दारांत उभा राहील. पण लाजेनें पैसा उत्पन्न होत नाहीं. ज्याच्यापाशीं पैसा असून जो देत नाहीं तो फळ्यास भीत नाहीं. ज्याच्यापाशीं खरोखरच नाहीं तोच त्या फळ्यानें खचतो. थकलेल्या सभासदास कार्यालयांत बोलावून, दार लोटून, दोन संचालकांनीं तासभर हिशेब मांडावा आणि हप्ते पुन्हां बांधून देतां येतात काय तें पाहावें.

तिसरा उपाय औषधांच्या कपाटाचा. श्रीलंकेनें १९९५ पासून अति जहाल कीटकनाशकें टप्प्याटप्प्यानें बंद केलीं. पुढील वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचें प्रमाण फार मोठ्या अंशानें उतरलें, आणि त्यामुळें पिकाचें उत्पन्न घटल्याचें दिसलें नाहीं. अविचाराची घटका टळली तर पुष्कळ माणसें जगतात, असा याचा अर्थ. आपल्या भांडारांनीं कमी जहाल औषधें ठेवावींत, सभासदांनीं तीं कुलुपांत ठेवावींत व किल्ली दुसऱ्याच्या हातीं द्यावी.

चौथा उपाय वेळेवर विचारण्याचा. अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत 'विश्राम' या उपक्रमांत गांवच्याच माणसांस थोडें शिक्षण देऊन घरोघरीं बोलतें केलें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें अठरा महिन्यांत खिन्नतेच्या विकारानें ग्रासलेल्यांपैकीं मदत घेणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ४.३ वरून २७.२ वर गेलें, आणि जीव देण्याचे विचार येणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ५.२ वरून २.५ वर आलें. विदर्भांत जें झालें तें इतरत्र कां होऊं नये? सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनि सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठींतही, फुकट बोलतां येतें. ज्या फळ्यावरून थकबाकीदारांचीं नांवें उतरतील त्या फळ्यावर हा क्रमांक लिहावा.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेक जमीनधारक आहेत, आणि पुष्कळजण गांवच्या सोसायटीचे संचालकही असतील. आपल्या रागाचा व काळजीचा भार बायकोमुलांवर पडतो, तसाच गड्यावर आणि मुक्या जनावरावरही पडतो. यंदाच्या वार्षिक सभेपुढें वरील चार सूचना ठरावरूपानें मांडाव्यात, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. त्यांतील एकीलाही सरकारी मंजुरीची वाट पाहावी लागत नाहीं.